डावी भिंत

जुन्या तबकड्या जतन करणाऱ्या ध्वनिकोशाच्या कोल्हापूर केंद्रातील प्रयोगशाळेत वर्षभर एकवीस अंश तापमान असे आणि तिथे कोणी आवाज चढवत नसे. मंदाकिनी पोतनीस यांनी त्या सकाळी तो चढवला.

"ही माझ्या आईची तबकडी नाही!"

"काकू, क्रमांक बघा," संचालक डॉ. रणधीर उगारे म्हणाले. "दीड वर्षापूर्वी तुम्हीच आणून दिलीत की."

"क्रमांक बरोबर आहे. आतला आवाज खोटा आहे."

मंदाकिनीबाई एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. पन्नास वर्षे त्यांनी रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त केले होते. आज त्यांना बोलावले होते ते केंद्राच्या 'जाणत्या भुजे'साठी. सुई धरणाऱ्या या भुजेच्या पोकळ नळीतून केसासारख्या चार तारा जातात, दोन डाव्या वाहिनीच्या, दोन उजव्या. डावी वाहिनी पहिल्यापासून क्षीण होती. तारा काढून चांदीच्या घालायच्या, म्हणजे आवाज सुधारेल. इतक्या बारीक तारेला झाळणीचा डाग देणारा दुसरा हात संचालकांना सापडला नव्हता.

कामाआधी बाईंनी एकच मागितले होते. आईची तबकडी एकदा ऐकायची. हेडफोनमध्ये उजवीकडून भूपाळी आली, पाण्यासारखी स्वच्छ. तिसरे कडवे आले, गेले. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर आपटला.

ती तबकडी १९७२ साली सांगलीच्या एका खोलीवजा स्टुडिओत कोरलेली होती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेचा मऊ थर, आणि एकच प्रत. चार वर्षांची मंदाकिनी तेव्हा कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिसऱ्या कडव्यात तिच्या हातून टाचण्यांचा डबा पडला. आईने ताल न सोडता, दोन ओळींमधल्या श्वासात म्हटले होते, "बेबी, सांडलं का? असू दे." पुढच्या वर्षी आई गेली. तिचे गाणे शेजारपाजाऱ्यांच्याही लक्षात होते. तिचे बोलणे मात्र त्या पाच शब्दांपुरतेच उरले होते. ते शब्द आता तबकडीत नाहीत, असे बाईंनी दोघांना सांगितले.

"गोंगाट म्हणून गाळलं असेल, मॅडम," भुजेचा संगणक घडवणाऱ्या अभियंता सानिया मुजावर म्हणाल्या. "पण ते आमच्या डिजिटल प्रतीतून. तबकडीत आहेच ना."

"प्रत कोण ऐकतंय? आत्ता तुमच्यासमोर सुई ठेवून ऐकलं मी!"

सानिया भुजेकडे वळल्या.

"ही भुजा करते काय ते सांग मला. गणित नको. मला कळेल असं सांग."

"खाचेत सुई हलते, तिच्यामागचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज तयार होते. संगणक पुढचा स्वर काय असावा याचा अंदाज करतो. सुई त्यापासून भरकटली की प्रतिधारा पाठवतो. म्हणजे उलटी वीज. सुई जागेवर येते, खरखर थांबते."

"त्याच तारांतून उलटी वीज?"

"हो."

"आणि तबकडी कोरणारं यंत्र काय करायचं गं?" बाईंनी विचारले. "वेटोळ्यात वीज सोडायची, सुई हलायची, लाख कापली जायची. इथे सुई हिऱ्याची, खाच लाखेची. तुमची सुई जागेवर येत नाही, बये. खाच सुईच्या जागेवर येते!"

"प्रतिधारा अत्यल्प असते," उगारे घाईने म्हणाले.

"वाजवता किती वेळा?"

"नियमाप्रमाणे बारा फेऱ्या. उलट प्रत्येक फेरीला अंदाजाशी जुळणी वाढत जाते. तोच आमचा गुणवत्तेचा निकष आहे."

भिंतीवर सात केंद्रांच्या जुळणीची क्रमवारी लावली होती. कोल्हापूर शेवटचे होते. उगारे रोज त्या फलकाकडे पाठ करून बसत.

"वाढणारच जुळणी! बारा वेळा कान पिळल्यावर तबकडी तुमच्या यंत्राचीच री ओढणार. आणि तुम्ही त्याचे फलक लावता? माझी आई पुसलीत तुम्ही, आणि मला म्हणता क्रमांक बघा?"

उगाऱ्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो परत सरकवला.

"डावी वाहिनी," सानिया एकदम म्हणाल्या. "मॅडम, तिचा डाग बघता?"

बाईंनी डोळ्याला भिंग लावले. डाव्या तारेचा डाग कच्चा होता, काळवंडलेला. त्यातून पुसटसा आवाज येत असावा. प्रतिधारेला मात्र वाट नव्हती.

"खाचेला दोन भिंती असतात," त्या हळू म्हणाल्या. "जुन्या तबकडीत दोन्ही भिंतींवर तेच गाणं असतं. उजवी तुम्ही खरवडलीत. डावीला तुमचा हात लागला नसेल."

दोन तास त्या वाकून बसल्या. संगणकाकडे जाणाऱ्या चारही तारा कापल्या, चांदीच्या तारा ओवल्या, ताजे डाग दिले आणि त्या थेट एका साध्या अँप्लिफायरला जोडल्या. मग फक्त डावी वाहिनी उघडली.

खरखर आली. तिसऱ्या कडव्यात टाचण्या जमिनीवर सांडल्या. "बेबी, सांडलं का? असू दे."

बाईंनी सुई उचलली. डोळे पुसले नाहीत.

"या कच्च्या डागाची तक्रार कधीची?"

"भुजा बसवली तेव्हाची. चार वर्षं माझा अर्ज पडून होता, मंजुरी आत्ता कुठे आली," उगारे म्हणाले. प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. "म्हणजे काकू, आमच्याकडची एकूण एक तबकडी वाचली! अर्ज तेव्हाच मंजूर झाला असता तर..."

बाई हसल्या नाहीत. त्या भिंतीवरच्या फलकाकडे बघत होत्या.

"वरची सहा केंद्रं. त्यांच्या भुजा कशा आहेत?"

उगाऱ्यांचे हसू तसेच थिजले. उत्तर सानियांनी दिले.

"चांगल्या आहेत, मॅडम. दोन्ही वाहिन्या सारख्या. चार वर्षांत एकही तक्रार नाही."

"मग बघताय काय? फोन लावा!"

उगाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिले. सगळ्या केंद्रांत फेऱ्या सकाळी नऊलाच सुरू होत, आणि अकरा वाजून गेले होते.