कावळ्या डोंगराचं गप्प बसणं

भूस्वन प्रयोगशाळेतल्या पडद्यावरची रेषा कालपासून सपाट होती. महिनाभर गुणगुणणारा कावळ्या डोंगर अचानक गप्प झाला होता.

डोंगरात खोल पुरलेले भूकर्ण, म्हणजे खडकाचा आवाज टिपणारे कान, शाबूत होते. आवाजच नव्हता.

"गप्प झाला म्हणजे निजला असं नाही," हेरंब घारपुरे म्हणाला. "खडकातल्या बारीक भेगा वाढताना गुणगुणतात. त्या जुळून एकच मोठी भेग झाली, की वाढायला काही उरत नाही. मग शांतता. मग डोंगर खाली."

"किंवा गुणगुण डोंगराची नव्हतीच," इरावती रेगे म्हणाली. "काल पायथ्याचं गाव रिकामं केलं, वीज तोडली आणि तेव्हाच रेषा झोपली. तिथं नळयोजनेचा पंप आहे. आपण महिनाभर त्याचंच गाणं ऐकलं असेल."

"शेजारी घोरला आणि आपण भूकंप जाहीर केला?"

"हसू नकोस. पंप लावून बघू. गुणगुण आली, तर तुझं स्पष्टीकरण खोटं."

"आणि नाही आली, तर?"

"तर माझं."

दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे ती मुलांना दरवर्षी शिकवायची. पण हे स्पष्टीकरण तिचं स्वतःचं होतं, आणि लाडकं होतं.

घाईही होती. ओढ्यापलीकडच्या शाळेत ठेवलेलं गाव वैतागलं होतं. "डोंगर गप्प झाला ना? मग आम्हाला का अडवता?" सरपंच सुलभाताई शेलार म्हणाल्या. "भात कापणीला आलंय. संध्याकाळी सगळे घरी जाणार."

पंपघराची किल्ली त्यांच्याकडेच होती. "माझ्या गावात तुम्ही एकट्या जाणार? वा!" म्हणत त्या बरोबर निघाल्या.

रिकाम्या गावात कोंबडंसुद्धा नव्हतं. वीज सोडायला लावली होती. सुलभाताईंनी कुलूप काढलं, हिरवं बटण दाबलं. पंप घरघरला, फरशी थरथरली.

"हेरंब, आली?" इरावती फोनवर ओरडली.

"नाही."

"नीट बघ! इथं माझे पाय हादरतायत."

"सपाट आहे गं. खोल खडकापर्यंत पंप पोचतच नाही."

तिला आधी वाईट वाटलं ते स्पष्टीकरणाचं. इतकं सुबक होतं!

मग फोनवर हेरंबचा आवाज अगदी हळू आला. "इरावती, तू कुठं उभी आहेस?"

गुणगुण पंपाची नव्हती. म्हणजे डोंगराची होती. आणि डोंगर आता गप्प होता.

"ताई, पळा!"

"अहो, पण झालं काय?"

"माझं चुकलं. पळा!"

ओढ्यावरचा साकव ओलांडून त्या समोरच्या चढाला लागल्या, तेव्हा मागे कावळ्या डोंगरानं दमलेल्या माणसासारखी बसकण मारली. आवाज नंतर आला. धूळ खाली बसली तेव्हा गाव नव्हतं.

शाळेच्या मैदानावर सगळी माणसं उभी राहिली होती. सगळी.

सुलभाताईंनी मूठ उघडली. आत पंपघराची किल्ली होती.

"पंप चालूच राहिला की हो, बाई," त्या म्हणाल्या.