पाच फोटो, एकच वेळ

“बाबा, उद्यापर्यंत नाव नोंदवू नका. एवढंच!” ताई दारात आडवी उभी राहिली.

“अगं, प्राणी सांभाळायला किती छान जागा आहे! एसी आहे, रोज फोटो पाठवतात. आणखी काय हवं?”

ताईला म्हातारबुवांची काळजी होती. म्हातारबुवा म्हणजे त्यांचा तेरा वर्षांचा कुत्रा. घरचे सगळे आठ दिवस गावाला जाणार, तेव्हा त्याला कुठेतरी ठेवावंच लागणार होतं. त्याला सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला फिटची गोळी लागायची. एकदाच ती चुकली होती. तेव्हा तो फरशीवर कसा थरथरत पडला होता, हे ताई विसरली नव्हती.

आणि त्या फोटोंतच काहीतरी खटकत होतं!

शेजारच्या मावशींची मांजर पाच दिवसांपासून तिथेच होती. मावशींनी कौतुकाने फोन पुढे केला. ताई, तिचा धाकटा भाऊ चष्मिस आणि मैत्रीण भिंगरी, तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

“हा सकाळी नऊला आलेला, हा संध्याकाळी सहाला,” ताई म्हणाली. “पण भिंतीवरचं घड्याळ बघा. पाचही फोटोंत चार वाजून दहा मिनिटं!”

“बंद पडलं असेल,” चष्मिस म्हणाला.

“तुझ्या डोक्यासारखं?” भिंगरीने टोला हाणला. “चला, बघूनच येऊ!”

तिथे पोचल्यावर बघतात तर भिंतीवरचं घड्याळ मजेत टिकटिकत होतं. वेळ अगदी बरोबर! बाहेरची खोली चकाचक, रंगीत उशा, अत्तराचा वास. वास जरा जास्तच होता.

“काका, मागे प्राणी राहतात ते बघू?”

“मागे कुणाला सोडत नाही. प्राणी बिथरतात,” व्यवस्थापक मान वर न करता म्हणाले.

ताईने निळी फीत पुढे केली. “मावशींनी मांजरीसाठी दिलीय. आत्ता बांधाल ना?”

“बांधतो, बांधतो!” फीत टेबलाच्या खणात गेली.

संध्याकाळी सहाला मावशींच्या फोनवर फोटो आला. मांजरीच्या गळ्यात फीत नव्हती. घड्याळात चार वाजून दहा!

मावशींनी लगेच फोन लावला. “फीत बांधलीत का हो?”

“बांधली की! मस्त खेळतेय!”

मावशींनी चपला पायात सरकवल्या. “बाबांना हाक मारा गं. निघालो आपण!”

तिथे पोचताच मावशींनी कुणाचंही न ऐकता मागचं दार ढकललं. खिडकी नसलेली खोली. एकावर एक रचलेले पिंजरे. खाली कुत्रे भुंकत होते आणि वरच्या पिंजऱ्यात मांजर अंग चोरून बसली होती. पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत!

“पहिल्याच दिवशी सगळे फोटो काढून ठेवता?” बाबांचा आवाज चढला.

“रोज कोण काढत बसणार?” व्यवस्थापक चाचरले.

“मग पाणीही पहिल्याच दिवशी पाजलंत का?” भिंगरी कडाडली.

मावशी मांजरीला पोटाशी धरूनच बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे दुसरी जागा बघायला गेले. एसी नव्हता. दार उघडणाऱ्या बाईंच्या एप्रनला केस चिकटले होते.

“आधी मागचं बघा, मग बोलू,” त्या म्हणाल्या.

मांजरांची खोली वेगळी, कुत्र्यांचं अंगण पार पलीकडे. भांड्यांत ताजं पाणी. लस कधी दिली? डॉक्टर कोण? गोळी कशात लपवून देता? बाई विचारतच सुटल्या! ताईने एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं.

“रात्री इथे कोण असतं?” मग तिने विचारलं.

“मीच. वरच राहते. आज एक दिवस ठेवून बघा. जेवला नाही, तर मीच नको म्हणेन.”

संध्याकाळी म्हातारबुवा ताट चाटूनपुसून बाईंच्या पायाशी घोरत होते!

“मी पाच दिवस फोटो नुसते बघत होते,” मावशी म्हणाल्या. “पाहिलं ते या पोरांनी!”

बाबांनी अर्ज भरला. ‘मालकाची सही’ या रकान्याशी थांबून त्यांनी पेन ताईच्या हातात दिलं.

“ही तूच कर. हक्क तुझाच आहे.”

ताईने ठसठशीत सही केली. आणि खाली, कुणी न सांगता, गोळीची वेळ पुन्हा एकदा लिहिली.