चौघांपुरता गंबो

क्लॉडिया मेनार्डने फाइल टेबलावर ठेवली आणि तिच्यावर सहीचं पेन आडवं टाकलं.

"वर्षभरात कंपनीच्या समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मांवरून किती वायू हवेत गेला, त्याचा सरकारी अहवाल. सही माझी. आकडा जाणूनबुजून खोटा दिला तर तुरुंगात मी जाणार, कंपनी नाही."

"आणि तो खोटा आहे?" ओदेत व्हेरेने विचारलं. तीस वर्षं प्लॅटफॉर्म तपासून ती निवृत्त झाली होती आणि आता लुइझियानातल्या हूमा गावात खाजगी तपास करायची. गिऱ्हाईकं फार नव्हती. घरी वाट पाहणारंही कोणी नव्हतं.

"मला तसा संशय आहे. एकाच प्लॅटफॉर्मवर वर्षात अकरा गळत्या. बाकी सगळ्यांवर मिळून तीन. नियम असा, की गळती सापडली की मागच्या पाहणीपासून ती चालूच होती असं धरायचं. घटकाभर गळलेलं कागदावर महिन्यांचं होतं. आकडा एवढा फुगला की साहेबलोक प्लॅटफॉर्मच बंद करायला निघालेत. उद्या, शुक्रवारी ठरणार. आणि काल तिथून आणखी एक गळती कळवलीय."

"दुरुस्तीवाला," नोलन दारदार म्हणाला. तो ओदेतची बोट चालवायचा, आणि पुरावा हाती यायच्या आत गुन्हेगार पकडायचा. "जितक्या फेऱ्या तितके पैसे. झालं."

दुरुस्तीवाला हारलन पित्र धक्क्यावरच भेटला, दोन मदतनिसांसह निघायच्या तयारीत.

"फेरीचे पैसे?" तो खवळला. "वर्षाची रक्कम ठरलेली आहे, बाई. नातीच्या वाढदिवसाला मी तिथे नट पिळत बसलो होतो, फुकट. बरं, तिथला लिआंडर जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि हाताला चव आहे त्याच्या. नाहीतर डोकंच फिरलं असतं."

ओदेतने त्याला संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं.

"हा गेला यादीतून," नोलन हिरमुसून म्हणाला.

प्लॅटफॉर्मवर पूर्वी नऊजण असत. मग नियंत्रणाची खोली किनाऱ्यावर गेली आणि दोघे उरले. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा लिआंडर नाकॅं, पुढे रात्रभर कर्टिस बूदलोश. एका खेपेला दोन आठवडे हेच, चारी बाजूंना पाणी.

बोट लावून ओदेत आणि नोलन जिना चढून वर पोचेपर्यंत लिआंडरने कॉफी ओतून ठेवली होती. त्याने नोलनच्या आईचा गुडघा विचारला, बोटीचं इंजिन विचारलं, बसायला खुर्च्या पुसल्या.

"हारलन नाही आला?" त्याने दोनदा विचारलं.

"गळती दाखवा," ओदेत म्हणाली.

पाइपच्या जोडावर खुणेची चिठ्ठी लटकत होती. नट फुसफुसत होता.

"काल दुपारी दिसली. पंधरा दिवसांत दुरुस्ती करायचा नियम आहे, म्हणून लगेच कळवलं. मी पान्हा लावलेला नाही, मिस ओदेत. ते हारलनचं काम."

नटाच्या कडांवरचा रंग उडाला होता आणि खालचं लोखंड चकचकत होतं. आजूबाजूचे सगळे नट गंजून तांबडे झाले होते. ओदेतने नोलनकडून पान्हा घेतला, नट आवळला आणि स्वयंपाकघरात गेली. शेगडीवर गंबोचं, मांसाच्या दाट रश्श्याचं, मोठं पातेलं रटरटत होतं. दारावर किराण्याची यादी होती, दोघांनी आपापल्या नावाखाली लिहिलेली. ती तिने दोनदा वाचली.

कर्टिसला उठवायला ती वर गेली. पलंगावरची चादर ताणलेली होती, कर्टिस खिडकीशी बसला होता. डोळे लाल.

"गळत्या निघतात दुपारी, माझ्या झोपेच्या वेळी. मला काय विचारता?"

"लिआंडरशी बोलता कधी?"

"सकाळी सहाला, संध्याकाळी सहाला. दाब किती, टाकीत किती. पाच मिनिटं."

"खाली चला."

चौघे टेबलाभोवती बसले.

"हारलनला फेरीमागे काही मिळत नाही, उलट पदरचा दिवस जातो," ओदेत म्हणाली. "या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड दोन दिवसांत गंजतं. म्हणजे हा नट काल-परवाच फिरवला गेला, आणि तेव्हा इथे तुम्ही दोघेच होतात. आता यादी. कर्टिसच्या अक्षरात डब्यातले मासे आणि बिस्किटं. तुमच्या अक्षरात, लिआंडर, भेंडी, दोन कोंबड्या, पाच पौंड सॉसेज. चौघांपुरतं. हारलन, त्याची दोन माणसं आणि तुम्ही. यादीवर तारीख सोमवारची आहे. गळती तुम्हाला बुधवारी दिसली. पाहुणे येणार हे सोमवारीच कसं कळलं?"

लिआंडरने पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

"जरासाच सैल करायचो," तो म्हणाला. "वाटायचं, एवढ्याशा वायूने काय होतंय. मिस ओदेत, या टेबलावर नऊजण पत्ते कुटायचे. आता मी रेडिओवर हवामान विचारतो, हवामान समोर दिसत असताना. कोणी बोलावं म्हणून. गळती कळवली की माणसं यायचीच. नियमच आहे."

"एक ठिणगी पुरली असती. आणि नियम तुम्ही अर्धाच वाचलात." ओदेतने उरलेला अर्धा सांगितला. कागदावर झालेले महिने, फुगलेला आकडा, उद्याची बैठक.

तो खाली बसला. "म्हणजे हे मीच बंद पाडतोय."

"प्रत्येक तारीख लिहून द्या. कधी सैल केला, कधी आवळला गेला. नोकरी जाईल, खोटं सांगत नाही. पण आकडा खरा होईल, आणि क्लॉडियाला धडधडत्या छातीने सही करावी लागणार नाही."

लिआंडरने कागद ओढला. तारखा त्याला जेवणावरून आठवत होत्या. सात मे, हारलन आणि त्याचा भाचा, खेकडे. वीस जून, तिघे, पत्ते झाले, हारलन हरला. अकरा ओळी झाल्या, मग कालची बारावी. त्याने सही केली.

कर्टिस उठला, चार वाडगे घेतले आणि गंबो वाढायला लागला.

"मी दुपारी झोपत नाही रे," तो पातेल्याकडे बघत म्हणाला. "वर्ष झालं, झोपच येत नाही. वास वर यायचा. तुमचं हसणं यायचं. मला वाटायचं, मला बोलवायचंच नसेल."

"मला वाटायचं, तू झोपलायस," लिआंडर म्हणाला. "म्हणून आम्ही हळू हसायचो."

कर्टिसने पहिला वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. सहा वाजायला अजून तीन तास होते.