मेंदीची पावलं

इद्दर आणि तूदाची पहिली भेट एका पान्याने घडवली. तो प्रसूतिगृहाच्या छपरावर सौर पॅनल बसवत होता, ती खाली अंगणात दुपटी वाळत घालत होती, आणि पाना वरून निघाला तो नेमका तिच्या पायाशी आला.

“लागलं का, लल्ला?” वरून घाबरा आवाज. तिकडे बाईमाणसाला अदबीने लल्ला म्हणतात.

“अजून नाही. दुसरा टाकून बघा.”

ॲटलास पर्वतातल्या त्या खोऱ्यात तूदा एकटीच सुईण. हवेतला कर्ब कमी करायचं सरकारने मनावर घेतलं, आणि सुरुवात केली ती सगळ्यात कमी धूर सोडणाऱ्या गावापासून. तोवर डिझेलचा जनरेटर फक्त बाळंतपणापुरता चालायचा. बाळांच्या रक्तातला प्राणवायू मोजणारं यंत्र कपाटातच म्हातारं होत होतं. ऊन तारेत उतरलं, तसं ते बाहेर आलं. जन्माच्या दुसऱ्या दिवशी बाळाचा उजवा हात आणि एक पाऊल तपासायचं. पावलाचा आकडा कमी आला, तर हृदयात दोषाची शंका.

इद्दर दर गुरुवारी बॅटरी बघायला येऊ लागला. बॅटरीला काहीही झालेलं नसे.

“मग बघता काय एवढं?”

“बघतो... म्हणजे, नीट आहे ना.”

बॅटरी त्याच्या पाठीमागे होती.

मार्चमध्ये इद्दरच्या बहिणीला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तूदाने यंत्र लावलं. हात सत्त्याण्णव. पाऊल शहाऐंशी. आणि दोन्ही पावलं घोट्यापर्यंत लाल — दृष्ट लागू नये म्हणून आजीने पहाटेच मेंदी माखली होती.

मेंदीतून यंत्राला नीट दिसत नाही. हिवाळ्यात अशी तीन बाळं तूदाने घाट ओलांडून माराकेशच्या मोठ्या इस्पितळात पाठवली. तिन्ही ठणठणीत परतली. तेव्हापासून बायका तिला बघून दारं लोटून घेत. चौथ्यांदा चुकली, तर बाळ तपासायला कुणी आणणारच नव्हतं. आणि हे बाळ तर गुलाबी होतं, दूध ओढत होतं.

“दहा दिवसांत उतरेल मेंदी,” आजी म्हणाली. “मग मोज पोटभर.”

तूदाने इद्दरकडे पाहिलं. “मला खात्री नाही. पण आत्ता न्या.”

“मेंदीच निघाली तर?”

“तर तुमची आई मला जन्मभर शिव्या घालेल.”

इद्दरने ट्रकची किल्ली उचलली. “अर्ध्या मी खाईन. मला सवय आहे.”

पॅनल वाहणारा ट्रक इद्दर, बहीण आणि बाळाला घेऊन काळा धूर ओकत घाट चढला. खोऱ्याने वर्षभर वाचवलेला कर्ब एका दुपारी गेला असेल. तूदा त्या धुराकडे, तो विरेपर्यंत, बघत होती.

घाटात बर्फ पडलं. फोन लागेना. नाव ठेवायचा सातवा दिवस उलटला, आजीने कापायला आणलेला मेंढा परत केला. नंतरचे दिवस तूदाशी गावात कुणी बोललं नाही.

दहाव्या दिवशी इद्दर एकटाच आला. तूदा दारातच उभी होती.

“हृदयाजवळची धमनी आवळलेली होती,” तो म्हणाला. “ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदी उतरायची वाट बघितली असतीत तर... तो आता रडतोय. अख्खा वॉर्ड जागवतो.”

तूदा पायरीवर खालीच बसली. तो शेजारी बसला, मध्ये वीतभर अंतर ठेवून.

“तिथे सारखं वाटायचं, तुम्ही असायला हव्या होतात. बाळासाठी नाही, माझ्यासाठी.”

तिने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

“मी रोज दारात उभी होते,” ती म्हणाली.

“बाळासाठी?”

“पहिले दोन दिवस,” तूदा म्हणाली, आणि वीतभर अंतर तिनेच मिटवलं.