शालन ओव्हाळचं मडकं

"रिकामं आहे," मडक्यांच्या खोलीचे रखवालदार हिंमतराव म्हणाले आणि त्यांनी मडक्यावर पुन्हा टिचकी मारली. भरलेलं मडकं बद्द वाजतं. हे खणखणलं.

नारायण पेठेतल्या या स्मृतिविद्यालयात आम्रपाली आली होती तीच मुळी आईच्या या मडक्यासाठी. इथे फी म्हणून मनातली सगळ्यात जड आठवण मडक्यात ठेवतात, आणि ठेवली की ती डोक्यातून साफ जाते. आम्रपाली तान्ही असताना तिची आई शालन नवऱ्याशी भांडून इथे शिकायला आली आणि तापाने गेली, असं बाबा सांगायचे. घरात आईचा एक फोटोही नव्हता. रविवारी होस्टेलवर इतर मुलींच्या आया भेटायला येत, तेव्हा आम्रपाली जिन्यात एकटी बसायची. फार एकटी.

"काका, कोणी उघडलं?"

"मालक किंवा रक्ताचं माणूस. दुसऱ्याच्या हाताने झाकण हलत नाही. आणि उघडणाऱ्याकडे गेलेली आठवण मालकाला पुन्हा मिळत नाही."

"बाबांनी?"

"नवरा रक्ताचा कधीपासून झाला?"

"आजी-आजोबा नाहीत. आईला भावंडं नव्हती. मग आईनेच, जाण्यापूर्वी?"

हिंमतरावांनी खालच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथली सगळी मडकी तडकलेली होती. "माणूस गेलं की मडकं आपोआप तडकतं. हे तडकलंय का?"

आम्रपालीने मडकं फिरवून पाहिलं. एकही तडा नव्हता. आई जिवंत होती.

"ती इथे आली होती?"

"शिकून गेल्या त्या परत फिरकल्या नाहीत. ही खोली फक्त प्रवेशाच्या दिवशी उघडते; आज तुझ्या हट्टापायी उघडली. नवी मुलं एकेक करून आत बसतात, फी ठेवतात, जातात."

तिने मडकं उजेडात धरलं. इतर मडक्यांची तोंडं लाल लाखेने बंद होती. याची लाख फुटली होती आणि फट पांढऱ्या मेणाने बुजवली होती. तिने ते नखाने खरवडलं. मेणबत्तीचं मेण! होस्टेलवर तिच्या खोलीतली पायल समई लावते, बाकीच्यांना देव परीक्षेपुरता आठवतो. बुद्धमूर्तीपुढे रोज मेणबत्ती लावून वंदना घेणारी एकच होती. प्रवेशाच्या दिवशीही तिच्या पिशवीत मेणबत्ती आणि काडेपेटी होती.

"चोर सापडला, काका."

"कोण?"

"मी."

हिंमतरावांनी चष्मा काढला.

"आईचं रक्ताचं माणूस मी एकटीच. त्या दिवशी मी आत एकटी होते. मडकं उघडलं, मेणाने बंद केलं, आणि जे कळलं तेच फी म्हणून ठेवून दिलं. म्हणून मला काही आठवत नाही."

"इतकं काय होतं त्यात?"

"आईची सगळ्यात जड आठवण. मी." तिने आईचं मडकं फळीवर ठेवलं. "मला इथे ठेवून ती शिकली. बाहेर पडली तेव्हा घरी मूल आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. नवऱ्याकडे परतायचं कारणच उरलं नाही. बाबांनी तिला सांगितलं असतं तर ती इथे येऊन मला परत घेऊ शकली असती. त्यांनी राग धरला आणि मला सांगितलं, आई वारली. आता ती वाटही मी बंद केली."

तिने स्वतःचं मडकं फळीवरून उतरवलं.

"उघडलंस तर विद्यालयातून नाव कटेल, पोरी."

तिने झाकण काढलं. बराच वेळ ती भिंतीकडे तोंड करून रडली.

"आई कुठे असते?" शेवटी तिने विचारलं.

"कसबा पेठेत शिकवण्या घेतात. पण त्या तुला ओळखणार नाहीत."

"माहीत आहे," आम्रपाली डोळे पुसत म्हणाली. "शिकवणी लावायला आले, असं सांगेन."