पाच दिवसांचा उशीर

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरकडे वळायच्या अगदी तोंडाशी, ॲडव्होकेट शिवानीच्या स्कूटीचं मागचं चाक बसलं. समोरच पंक्चरचं दुकान होतं. इतकं समोर, की कुठल्याही फौजदारी वकिलाच्या मनात जे यावं तेच तिच्याही मनात आलं.

"खिळा कुणी टाकला?" तिनं विचारलं.

दुकानातला तरुण उकिडवा बसून चाक फिरवत होता. मान वर न करता म्हणाला, "संशय कुणावर हाय का?"

"ज्याचा फायदा, त्याच्यावर."

"मग टायरच्या कंपनीचं बी नाव घ्या. त्यांचा बी फायदाच हाय." त्यानं पकडीनं खिळा उपसला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या मुद्देमाल. बैलाच्या पायाला ठोकतात त्या पत्रीचा खिळा हाय. माझ्याकडं बैल न्हाई."

शिवानीला हसू आलं. ते तिनं दाबलं, कारण तिला भोरला जाऊन लोकांना गंभीरपणे कायदा शिकवायचा होता.

एरवी ती पुण्यात एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली काम करायची. म्हणजे त्यांच्या फायली उचलायची. भोरमधल्या एका संस्थेनं 'फौजदारी न्यायाची ओळख' असा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला होता. वर्ग दर शनिवारी, अट एकच — लिहिता-वाचता यावं. शिवानी वर्गात शिरली तेव्हा समोर सत्तावीस माणसं होती आणि तिसऱ्या बाकावर तोच पंक्चरवाला बसला होता.

"तुम्ही माझ्याआधी कसे पोचलात?"

"तुमी लई सावकाश चालवता, मॅडम," तो म्हणाला. "सम्राट नाव माझं. हजेरीत घ्या."

आपण का आलो, हे प्रत्येकानं सांगायचं होतं. बंटीला पोलीस व्हायचं होतं. वेल्ह्याकडचे कोंडिबा वीस वर्षं गावचे पोलीस पाटील होते. त्यांना कायदा येतच होता, तो मॅडमना कितपत येतो ते बघायला ते आले होते. ठकुबाईंचा चुलत दिरांशी बांधावरून झालेल्या मारामारीचा खटला अठरा वर्षं चालला होता. आपला वकील कोर्टात नेमकं काय बोलतो, एवढंच त्यांना मरायच्या आधी कळायला हवं होतं.

"आणि तुम्ही?" तिनं सम्राटला विचारलं.

"हायवेला अपघात झाला की पोलीस पंच म्हणून मलाच बोलावतात. दुकान समोरच पडतं ना. एकोणीस सह्या झाल्या. एकदा कोर्टात वकिलानं विचारलं, ट्रक लाल व्हता का निळा? म्हणलं, साहेब, मी सही केली तवा तिथं ट्रकच नव्हता." वर्ग हसला. तो हसला नाही. "विसावी सही वाचून करायची म्हणतो."

शिवानीनं हजेरीपटात त्याच्या नावापुढं खूण केली. ती जरा मोठी झाली.

शिकवणं तिला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. नव्या कायद्यात फसवणुकीचं कलम चारशेवीस राहिलं नाही, तीनशे अठरा झालं, असं तिनं सांगितलं तेव्हा कोंडिबा उठून उभेच राहिले.

"म्हंजी आता लबाड माणसाला काय म्हणायचं? तू तीनशे अठरा हायेस? त्याला लागंल तरी का ते?"

यावर कायद्यात तरतूद नव्हती.

त्या हिवाळ्यात शिवानी येता-जाता कापूरहोळला थांबून चाकात हवा भरून घेऊ लागली. हवा बहुधा भरलेलीच असायची. सम्राट ती आधी थोडी सोडायचा आणि मग मन लावून पुन्हा भरायचा. बाजूच्या हॉटेलातून चहा यायचा. कप धरण्याआधी तो हात फडक्याला पुसायचा, तरी बोटांचं वंगण जायचं नाही. वर्गातल्या त्याच्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटलेला असायचा.

डिसेंबरात एकदा अवकाळी पाऊस आला. दुकानाच्या पत्र्याखाली दोघं अंग चोरून उभी राहिली. पत्र्याच्या कडेवरून पाण्याची धार शिवानीच्या खांद्यावर पडत होती आणि ती सरकत नव्हती, कारण सरकायला एकच बाजू होती...

"मॅडम, एक विचारू?"

"कायद्यातलं?"

"न्हाई... म्हंजी, कलम सापडत न्हाई त्याला."

"मग अभ्यास करून विचारा," ती म्हणाली. त्यानं अभ्यास न करताच विचारावं, असं तिला फार वाटत होतं. पण एवढ्यात पाऊस थांबला.

जानेवारीच्या शेवटी साक्षीदाराचा पाठ आला. शिवानीनं संस्थेच्या शिपायाला, ज्ञानूला, आधीच पटवून ठेवलं होतं. वर्ग भरात असताना तोंडाला मफलर गुंडाळून ज्ञानू आत आला, टेबलावरची तिची पर्स उचलली आणि पळाला. बंटी त्याच्यामागं धावणार तोच शिवानीनं दार लावून घेतलं.

"चोर राहू द्या. काय पाहिलंत त्याचा जबाब लिहा. नाव घालू नका. नाव घातलं की माणूस जपून लिहितो."

जबाब गोळा झाले. ती एकेक उचलून मोठ्यानं वाचू लागली. पहिल्यात चोर सहा फुटी होता आणि हातात सुरा होता. हे बंटीचं, सगळ्यांनी ओळखलं. दुसऱ्यात तो चुलत दीरच होता. तिसऱ्यात चोराबद्दल दोनच ओळी होत्या, पण चार पंचांची नावं पत्त्यांसकट होती. वर्ग खिदळत होता. शिवानी रंगात आली होती. तिनं चौथा कागद उचलला.

"'घटनेच्या वेळी मी माझ्या बाकावर बसलो होतो. माझी नजर मॅडमकडे होती. मॅडमच्या जांभळ्या कुर्त्याची डावी बाही उसवली आहे, तिथं पिन आहे. कानाच्या पाळीला खडू लागला आहे...'"

हसू उसळलं. तिनं पान उलटलं, आणि कोपऱ्यात काळा अंगठा दिसला.

इथं ती थांबू शकली असती. पुढं किती तरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली. पण सव्वीस जोड्या डोळे तिच्या बाहीवरच्या पिनेकडं बघत होते, थांबणं म्हणजे कबुली ठरली असती, आणि 'मॅडम' म्हणवून घ्यायला लागून तिला चारच महिने झाले होते. तिनं कोर्टातला आवाज लावला.

"'कुणीतरी आत आलं तेव्हा मॅडम दचकल्या नाहीत. हसू दाबत होत्या. हसू दाबताना त्यांच्या हनुवटीला बारीक खळी पडते, ती तेव्हा पडली होती. त्यावरून ही चोरी खरी नसावी. आत आलेला माणूस मी पाहिला नाही. पाहिला, असं मी सांगणार नाही.'"

एकेक मान तिसऱ्या बाकाकडं वळली. जबाब कुणाचा ते सगळ्यांना कळलं होतं.

"असा साक्षीदार काही कामाचा नाही," शिवानी म्हणाली. "लक्ष घटनेवर हवं. शून्य."

"बाई," कोंडिबा हळूच म्हणाले, "पन त्यो एकलाच खरं बोलला की."

सम्राटनं वही मिटली, बसल्या जागेवरून तिला मान लववून नमस्कार केला आणि तास संपेपर्यंत फळ्याकडं बघत राहिला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. शिवानीही स्कूटी घरी ठेवून एसटीनं येऊ लागली. दुकान उजव्या अंगाला पडतं म्हणून ती डाव्या बाजूला बसायची आणि फाटा आला की मान वळवून उजवीकडंच बघायची. ठकुबाईंनी एकदा तिला पायरीवर गाठलं. "पोरी, माझा खटला अठरा वरसं चालला. कोरटाला घाई न्हाई, त्याला जीव नसतो. तुला हाय ना?"

पाचव्या शनिवारी ती फाट्यावर उतरली.

सम्राट ट्रॅक्टरचं चाक उघडत होता. तिला बघून उठला आणि हात पुसत म्हणाला, "या, मॅडम. एसटीनं?"

"वर्गाला का येत नाही?"

"निकाल लागल्यावर कोर्टात कशाला बसायचं?"

"निकाल चुकला," ती म्हणाली. एसटीत दहा वेळा पाठ केलेलं सगळं विसरून गेलं होतं. "चोरी खोटी आहे हे तुम्ही एकट्यानं ओळखलं होतं. दहापैकी दहा द्यायला हवे होते."

"मार्कासाठी न्हाई लिहिलं ते."

"माहीत आहे मला... तेव्हाच माहीत होतं."

एक कंटेनर धडधडत गेला. दोघंही तो जाईपर्यंत थांबली.

"तुमीच शिकवलं, निकाल पटला न्हाई तर अपिलाला तीस दिवस असतात," सम्राट म्हणाला. "म्हणलं, मॅडमचा निकाल मॅडमलाच पटायचा न्हाई. येतील. तीस दिवस मी दुकान सोडून कुठं गेलो न्हाई. आत्याच्या नातवाचं बारसं झालं, तिथं बी न्हाई."

"आज पस्तिसावा."

"व्हय. पाच दिवस उशीर."

"उशीर माफ होतो," ती घाईघाईनं म्हणाली. "पुरेसं कारण असलं तर."

"द्या की मग."

शिवानी बोटांवर शनिवार मोजू लागली. "पहिल्या शनिवारी लाज वाटली. दुसऱ्या शनिवारी... तीच. तिसऱ्या शनिवारी वाटलं, तुम्ही याल; म्हणजे ताठा. चौथ्या शनिवारी मी एसटीच्या दारापर्यंत आले होते. कंडक्टरनं घंटीसुद्धा मारली. आणि मी म्हटलं, नाही नाही, भोरच."

"बघितलं मी. हितनं दिसतं." तो खाली बघत म्हणाला. "तवा मुदत व्हती."

तिनं पर्सचा बंद खांद्यावर सारखा केला.

"कारण पुरेसं हाय, मॅडम. माझ्या हातात असतं तर आत्ता माफ केलं असतं. पण परवा गुरुवारी सारोळ्याला लग्नाचा शब्द देऊन आलो. सोनिया नाव तिचं. शिवणकाम करते. तिनं सरळ विचारलं, मनात दुसरं कुणी न्हाई ना? म्हणलं, व्हतं. मग म्हणाली, खरं बोललात, मला चालंल." त्यानं मान वर केली. "एक विचारायचं राहिलं. मुदत निघून गेली, आन मधी तिसऱ्याच माणसाचा हक्क उभा राहिला, तर कोर्ट काय करतं?"

शिवानीनं रस्त्याकडं पाहिलं. भोरची गाडी वळण घेत होती. वर्गात सव्वीस माणसं वाट बघत असणार होती.

"त्या हक्काला हात लावत नाही," ती म्हणाली.

"का?"

"कारण... त्या माणसाची काही चूक नसते."

सम्राटनं मान हलवली आणि पुन्हा ट्रॅक्टरच्या चाकाशी बसला. शिवानीनं हात करून एसटी थांबवली. उत्तर अगदी बरोबर होतं. आपल्याला हा विषय इतका चांगला येत नसता तर बरं झालं असतं, असं तिला शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच वाटलं.