तीन सूत

"सत्तेचाळीस इंच, दोन सूत," नेत्रा स्वतःशीच पुटपुटली आणि वहीत लिहायला वाकली.

"दोन नाय. तीन."

आवाज छपरावरून आला. नेत्राच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती होती कुठं? स्पेनच्या एका बेटावर, समुद्राला खेटून असलेल्या रिसॉर्टच्या सात नंबरच्या कॉटेजमध्ये. इथं मराठी सोडाच, इंग्रजीसुद्धा लोक उपकार केल्यासारखं बोलत होते. आणि सूत? इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, हे उल्हासनगरच्या कारखान्यांत हाडं झिजवल्याशिवाय कुणाला कळतं?

खिडकीत एक डोकं उलटं लोंबलं. काळंभोर, हसरं, तोंडात दोन खिळे धरलेलं.

"ती चौकट मी ठोकलीय. टेप ढिला धरलायस तू."

"टेप धरायला मला शिकवू नकोस. कटिंग मास्टर आहे मी. बारा वर्षं."

"मग तर लाजच की! कुठची?"

"अंबरनाथ. बुवापाडा. तू?"

"बदलापूर... म्हंजे लोकांना बदलापूर बोलायचं. खरं तर वर, बारवी धरणाकडं. नवसू. ठाकर हाय मी." त्यानं जात न विचारता सांगितली. ताठ, छाती पुढं काढून सांगावी तशी. उलटं लोंबतानासुद्धा.

नेत्रानं टेप पुन्हा लावला. सत्तेचाळीस, तीन सूत. तिला भयंकर राग आला... आणि तो राग नवसूला उलट्या डोक्यानंही बरोबर वाचता आला.

नेत्रा इथं पडदे दुरुस्त करायला आली होती. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये अनीशसेठचा पडदे-गाद्यांचा कारखाना. सेठचा चुलतभाऊ या रिसॉर्टचा मालक. त्यानं मापं सेंटिमीटरमध्ये पाठवली, सेठनं ती अंदाजपंचे इंचांत केली, आणि बावीस कॉटेजचे पडदे आखूड झाले. सीझन अजून सुरू व्हायचा होता, बहुतेक खोल्या रिकाम्या होत्या, म्हणून दहा दिवसांसाठी नेत्राची पाठवणी झाली.

"पण पडद्यांवर पोपट कशाला?" नवसूनं विचारलं. तो आता सुलटा होऊन दारात उभा होता.

"सेठ बोलले, नेचरवालं रिसॉर्ट आहे. 'नेचर है, तोते डालो!'"

नवसू जो हसला, तो भिंतीला टेकला. "अगं बाई... नेचर नाय. नॅचरिस्ट."

"म्हणजे?"

तो डोकं खाजवू लागला. तेवढ्यात समोरच्या वाटेनं एक सत्तरीचे गोरे आजोबा गेले. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल, हातात पेपर. बाकी काही म्हणजे काही नाही. त्यांनी टोपी उचलून नेत्राला नमस्कार केला आणि पुढं चालू लागले.

नेत्रा पोपटांच्या ढिगाऱ्यात मटकन बसली.

"इथं कपडे फक्त खिडक्या घालतात," नवसू म्हणाला.

"आणि तू?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग कान तापले.

"कामगारांना सक्तीचा युनिफॉर्म हाय. निराश झालीस काय?"

"मर तिकडं!"

---

खरी गंमत नेत्राच्या बाजूला होती. जिथं कुणी चिंधी घालत नाही, तिथं ही बया बंद गळ्याचा कुर्ता, मनगटापर्यंत बाह्या आणि पायघोळ सलवार घालून मे महिन्यात फिरत होती. कारण साधं होतं. नेत्राला कोड होतं. बाराव्या वर्षी कोपरावर रुपयाएवढा डाग आला, आता मनगटांपर्यंत दोन्ही हातांवर, मानेवर, पोटऱ्यांवर पांढरे चट्टे पसरले होते. कोड दुखत नाही, कुणाला लागत नाही. पण तिच्या आईनं, पुतळाबाईनं, तेव्हापासून घरात आखूड बाहीचा कपडा येऊ दिला नव्हता. पोरगी दुसऱ्यांचे पडदे शिवायला लागली ती पुढं. आधी तिचाच पडदा झाला.

आणि आता कुठं लग्न ठरत होतं. बदलापूरचा साईनाथ. आगरीच, घरचा चांगला. त्याच्या आईनं अट घातली होती, "पाहुण्यांना कळायला नको. हळदीला बाह्या राहू देत, हळद गालाला लावू फक्त."

आगऱ्यांची हळद! सगळा पाडा लोटतो, धवलारिणी जोरात गाणी म्हणतात, नवरीचे हातपाय हळदीनं माखून माखून पिवळेजर्द करतात. आणि नेत्राची हळद गालापुरती. ती 'चालेल' म्हणाली होती. परत गेल्यावर साखरपुडा होता.

नवसूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो रोज दोन-तीन कॉटेजचे रॉड काढून देई, ती पडद्यांना खालून पट्टी जोडी. फर्निचर बाजारातल्या सुताराच्या हाताखाली शिकलेला हा गडी तीन वर्षांपूर्वी इथं पलंग जोडायला आला आणि मालकानं त्याला ठेवून घेतला होता.

"तुला लाज नाही वाटत? यांच्यात वावरताना?" तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं. दोघं कट्ट्यावर डबा खात होते. समोर समुद्र उसळत होता आणि वारा असा, की चपाती हातातून न्यावी.

"पहिले दोन दिवस वाटली. मग आजा आठवला." नवसूनं चटणीचं बोट चाटलं. "माझा आजा पण नवसूच. त्याचंच नाव मला ठेवलं. जन्म लंगोटीत काढला. पण कचेरीत लंगोटीला आत घ्यायचे नाय. शिपाई हाकलायचा, नागडा बोलायचा. मग पाड्यानं मिळून एक पँट घेतली."

"एक?"

"सगळ्या पाड्यात एक. ज्याचं कचेरीत काम, त्यानं घालायची. आजा बारीक, तर सुतळीनं बांधून जायचा. जमीन धरणात गेली, त्या कागदावर अंगठा द्यायला पण तीच पँट घालून गेला." तो समुद्राकडं बघत राहिला. "आणि ही माणसं नागडं राहायला इतक्या लांबून इमानात बसून येतात. साहेबलोक. यांना कोण नाय हाकलत. म्हंजे लाज अंगात नसतेय नेत्रा. लाज कुणाला लावायची ते दुसरंच कोन ठरवतं. मी का त्यांचं ऐकू?"

नेत्रानं घास डब्यात परत ठेवला. तिनं नकळत बाही मनगटावर अजून खाली ओढली.

नवसूनं ते पाहिलं. विचारलं मात्र नाही. "चटणी घे," एवढंच म्हणाला.

---

सहाव्या दिवशी पाच नंबरच्या पडवीत ती रॉड लावत होती. तिथल्या म्हाताऱ्या बाई खुर्चीवर स्वेटर विणत बसल्या होत्या. अंगावर विणकाम सोडून काही नाही. इथला एकच कडक नियम, बसायचं तर खाली स्वतःचा टॉवेल हवा. तो मात्र नीट अंथरलेला. बाईंच्या छातीच्या डाव्या बाजूला स्तन नव्हता. तिथं लांब, जुना व्रण होता. नेत्राची नजर तिथं अडकली आणि ती शरमली. बाईंनी हसून व्रणावर दोन बोटं टेकवली, मग दोन्ही हातांची दहा बोटं दोनदा उघडून दाखवली. वीस वर्षं झाली! आणि पुन्हा टाके मोजायला लागल्या. बुवापाड्यातली बाई ओट्यावर भाजी निवडत बसावी, तशी निवांत.

नेत्रा खाली उतरली. तिचं डोकं फिरलं होतं. पण त्या बाईवर नाही. बारा वर्षांच्या पोरीला पहिल्यांदा लांब बाही शिवून देणाऱ्या प्रत्येकावर... आणि गेली अठरा वर्षं ती गुपचूप घालणाऱ्या स्वतःवर.

सात नंबरमध्ये नवसू चौकटीला रंधा मारत होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तिनं दोन्ही बाह्या कोपराच्या वर गुंडाळल्या.

"हे बघ. बघून घे एकदाचं."

नवसूनं रंधा खाली ठेवला. पाहिलं. मान वाकडी करून, सुतार लाकडाचा पोत बघतो तसं, सावकाश. नेत्राला वाटलं, आता हा म्हणेल 'काही होत नाही' किंवा 'औषध आहे'. सगळे तेच म्हणतात.

"अरे!" तो म्हणाला. "ही तर बारवी."

"काय?"

"बारवीचं धरण. हा बघ बंधारा, हे पाणी असं आत घुसलेलं... आणि इथं, या कोपऱ्यात, आमचा पाडा होता. बुडाला तो. नकाशातून पण गेला." त्याचं बोट तिच्या हाताजवळ आलं आणि थांबलं. "हात लावू?"

बाहेर समुद्राचा नुसता धिंगाणा चालला होता. नेत्राला तो ऐकू येईना.

"किती राहिलंय मधे?" तिनं विचारलं.

"तीन सूत."

"राहू दे. मार्जिन ठेवावं लागतं."

"शिवताना मार्जिन आत जातं ना, मास्टर?"

ती हसली. खाली बघितलं, पायाशी रंध्याच्या साली पडल्या होत्या. मग वर बघितलं... आणि मार्जिन आत गेलं.

उरलेले चार दिवस नेत्रा अर्ध्या बाहीत वावरली. सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून समुद्रात शिरली. याहून पुढं ती गेली नाही, तिला गरजही वाटली नाही. हातांना वारा लागत होता. अठरा वर्षांनी.

शेवटच्या दिवशी ती बॅग भरत असताना नवसू दाराला टेकून उभा होता.

"साखरपुडा कधी?" त्यानं विचारलं. तिनं आदल्या दिवशी सगळं सांगून टाकलं होतं.

"नाही."

"नाही म्हंजे?"

"म्हणजे तू सुट्टी काढ. आणि घरी ये. दारातून ये, छपरावरून नको."

---

अंबरनाथला साईनाथची आई पेढे घेऊन आली, तेव्हा नेत्रा अर्ध्या बाहीच्या ब्लाउजवर साडी नेसून बाहेर आली. बाईनं हातातली बशी खाली ठेवली.

"काकी, हळद लागेल तर पूर्ण लागेल," नेत्रा म्हणाली. "पाड्यासमोर. हातापायांना. चालेल?"

काकींना चालणार नव्हतं. पेढे आले तसे गेले.

पुतळाबाईनं मग घर डोक्यावर घेतलं. "तोंडाशी आलेलं घालवलंस गो! आता कोन येनार हाय तुला?"

"येणार आहे. श्रावणात. बारवीकडचा आहे, ठाकर."

"ठाकर?" पुतळाबाई खालीच बसली. "आपल्या शेतावर लावणीला यायचे ते?"

"तेच. आपलं भात त्यांनी लावलं, म्हणून आपण जेवलो. उपकार असेल तर आपल्यावर आहे, आये."

दोन महिने मायलेकी कामापुरत्याच बोलल्या. श्रावणात नवसू आला. एकटाच, इस्त्रीची पँट घालून, हातात रानातल्या कंटोळ्यांची पिशवी. पुतळाबाईनं त्याला आत घेतलं नाही. उंबऱ्यात आडवी उभी राहिली. गल्लीतली चार डोकी बाहेर आली.

"मावशी, दार खाली घासतंय तुमचं. पावसात फुगलंय," नवसू म्हणाला.

"दाराचं सोड. पोरीला कोड हाय. पाहिलंस?"

"पाहिलं."

"दया करतोस काय?"

"दया?" नवसूचा आवाज चढला. गल्लीला ऐकू जाईल इतका. "मावशी, आमचा पाडा पाण्यात गेला. आजाचं घर गेलं, आंब्याचं झाड गेलं, कागदावरचं नाव पण गेलं. जगात कुठंच उरला नव्हता. हिच्या हातावर सापडला मला. मी कोण दया करणार? मागायला आलोय."

पुतळाबाईनं मागं वळून पाहिलं. नेत्रा तिथंच उभी होती. ती लेकीच्या हाताकडं बघत राहिली. अठरा वर्षं तो हात तिनं झाकला होता, पण असा निरखून कधी पाहिला नव्हता. मग ती उंबऱ्यातून बाजूला झाली.

"रंधा आनलास काय?" ती करवादली. "का नुसतं बोलतोस? दार तरी नीट कर."

---

मार्गशीर्षात बुवापाड्यात हळद लागली. बँडवाल्यांचा दणदणाट, मांडवाखाली धवलारिणींचा खडा आवाज. नेत्रा पाटावर बसली, हात खांद्यापर्यंत उघडे. कुणी कुजबुजलं. पुतळाबाई गर्रकन वळली.

"काय बोलायचं त्ये मोठ्यानं बोला!" ती गरजली. "माझी पोर हाय ती. समुद्रापार जाऊन मापं घेऊन आली. तुमच्यातली कोन गेली?"

पुतळाबाईनं ओंजळभर हळद घेतली आणि पहिली लावली ती लेकीच्या हातावर, बरोबर त्या मोठ्या डागावर. पांढऱ्यावर ती अशी झळाळली, की धवलारीण क्षणभर ओळ विसरली.

तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरला. नेत्रानं करंगळीनं उघडला. धरणाच्या वर नव्यानं वसलेल्या पाड्यावरचा फोटो होता. नवसूही हळदीला बसला होता. अंगभर हळद, मान ताठ, आणि कमरेला आजाची लंगोटी. पाठीमागं सगळा पाडा अभिमानानं उभा.

खाली लिहिलं होतं, 'रिसॉर्टचा नियम.'

नेत्रानं हळदीच्या बोटानं टाइप केलं, 'खाली टॉवेल घेतलास का?'

"हळदीत फोन कोनाचा गो?" पुतळाबाईनं डोळे वटारले.

"सुताराचा," नेत्रा म्हणाली. "माप बरोबर आहे का विचारतोय."

"मंग?"

"बरोबर आहे, आये. सूतभरही फरक नाही."